डमरूयंत्र

झवेरी बाजाराची शटरं पडली
की आईचा दिवस उघडायचा.
खारा कुव्यापासून धनजी स्ट्रीटपर्यंत
कुंचा, पत्र्याची सुपली, आणि मागे मी.
पायऱ्यांच्या फटी, गटाराच्या तोंडचा गाळ,
कारागिरांच्या हातधुणीचं पाणी.
एकदा तिनं एका पेढीची जुनी चटई
पन्नास रुपये मोजून घेतली, जाळली,
आणि राखेतून दीड गुंज काढली.
म्हणाली, बघ, चटईसुद्धा आपल्याहून श्रीमंत.

खानेसुमारीच्या माणसानं विचारलं, धंदा?
झारेकरीण, ती म्हणाली.
त्यानं लिहिलं : घरकाम.

तिसऱ्या मजल्यावर वैद्य सोवनी राहायचे.
पाऱ्याचे अठरा संस्कार करायचे असतात म्हणे;
त्यांचे आठ झाले होते,
नववा एकोणीस वर्षं चालू होता.
नवव्यात पाऱ्याला अभ्रक खाऊ घालतात.
पारा खात नव्हता.
आधी लोखंडाचं सोनं, मग देहाचं, ते सांगायचे,
ही विद्या अरबांनी आपल्याकडून नेली;
खालचा अत्तरवाला कासमभाई म्हणायचा, उलट, आम्हीच आणली.
भांडण मिटलं नाही.
किमया हा शब्द मात्र गलबतावरून उतरला
आणि परत गेलाच नाही.

दोघांचा पारा प्रिन्सेस स्ट्रीटच्या एकाच दुकानातला.
वैद्यांचा सोनं होण्यासाठी,
आईचा सोनं वेचण्यासाठी.
काळ्या गाळात ती तो तळव्यानं चोळायची,
लुगड्याच्या फडक्यातून पिळायची,
उरलेला गोळा तव्यावर ठेवून स्टोव्ह पेटवायची.
पारा उडायचा.
उडून कुठे जातो, हे आम्ही कधी विचारलं नाही.
खोली दहा बाय दहाची होती.

पुढे तिच्या हातात चहाची बशी वाजू लागली.
किणकिण, किणकिण.
धाकट्याला ते आवडायचं.

वैद्य एका रात्री खाली आले, खरं तर गुपित विचारायला :
धुरपदाबाई, तुम्हाला सोनं कसं साधतं?
उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं.
तवा पाहिला, बशी ऐकली.
काही न बोलता वर गेले.

सकाळी दोन मडकी घेऊन आले,
तोंडाला तोंड लावलेली, डमरूसारखी.
आमच्या भुईवर बसले, बसले म्हणजे अगदी मांडी घालून,
आणि सांध्यावर कापडमाती लिंपू लागले.
वरच्या मडक्यावर ओलं फडकं ठेवा, म्हणाले,
पारा वर चढेल, थंड होईल, पोटाला चिकटेल.
गार झाल्यावरच उघडा. पुसून घ्या. पुन्हा वापरा.
कुणाच्या छातीत जाता कामा नये.
मग जानव्याला लागलेली माती तशीच ठेवून
त्यांनी चहा मागितला.
आईनं बशी द्यायच्या आधी
दोनदा माझ्याकडे पाहिलं.

यंत्र एक, बायका सात.
रोज एकीची माती शिजवायची तर आठवडा जातो,
म्हणून साऱ्यांची माती एका घमेल्यात आली.
हप्ता मागायला येणारा जग्गू
त्या शनिवारीही आला : कुणाची पाटी उचलू?
अनशीमावशी म्हणाली,
उचल की. यातली माझी कुठली ते तूच सांग.
तो घमेल्याकडे बघत राहिला.
ही किमया कुठल्या पोथीत नसावी.

आज मी काळबादेवीत हॉलमार्किंगच्या यंत्रावर बसतो.
अर्ध्या मिनिटात आकडा : नऊशे सोळा.
नवी पोरं विचारतात, काका, ते परीस वगैरे
सगळं थोतांडच ना?
हो म्हणतो.
मग जेवणाच्या सुट्टीत राहून राहून वाटतं,
पुरतं उत्तर दिलं नाही.

आईचे हात काही थांबले नाहीत,
मडकी तिच्यासाठी उशिरा आली.
वैद्यांचा नववा संस्कार अर्धाच राहिला;
त्यांची खोली रिकामी करताना बाटली सापडली,
एवढीशी, आणि उचलायला गेलो तर
मनगट खाली गेलं.

परवा अनशीमावशीच्या सुनेकडे गेलो होतो.
तीही झारीच काम करते, माहेरचं नाही, सासरचं.
तिनं चहा पुढे केला.
मी कप घ्यायचा विसरून
कान देऊन बसलो.